दुगाडचं धुकं

अंबरनाथच्या फलाटावर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं की मलंगगड दिसतो. पावसाळ्यात अर्धाच दिसतो, वरचा सुळका ढगात असतो. लोकलची वाट बघणाऱ्या आम्हा मंडळींना त्याची इतकी सवय झाली आहे की तिकडे कुणी मान वळवून बघत नाही. माघी पौर्णिमेच्या यात्रेच्या वेळी तेवढं त्याचं नाव निघतं.

या गडाच्या पायथ्याशी १७८० च्या पावसाळ्यात एक उलटी मोजणी सुरू झाली. ती चार महिने चालली आणि १२ डिसेंबरच्या सकाळी भिवंडीच्या उत्तरेला नऊ मैलांवर, दुगाड गावापाशी संपली. त्या सकाळी रामचंद्र गणेश कानडे हा पेशव्यांचा सेनापती तिथे पडला. शाळेत त्याचं नाव मी वाचल्याचं आठवत नाही. बाजीप्रभू पाठ, तानाजी पाठ, मुरारबाजी पाठ. आणि आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच खाडीपलीकडे पडलेला हा माणूस मला चाळिशीत, जुन्या गॅझेटियरची पानं उलटताना भेटला.

पुढचा घटनाक्रम आधी महिन्यांचा आहे, मग दिवसांचा, शेवटी तासांचा. तास मी सूर्याच्या उगवण्या-मावळण्यावरून आजच्या घड्याळात बसवले आहेत. त्या छावण्यांमध्ये हिशेब प्रहरांचा आणि घटकांचा होता.

ऑगस्ट १७८० : उरले चार महिने

कल्याण मे महिन्यातच इंग्रजांच्या हाती गेलं होतं. सवाई माधवराव पेशवे सहा वर्षांचे, कारभार नाना फडणवीसांकडे, आणि राघोबादादांना हाताशी धरून मुंबईकर इंग्रजांनी सुरू केलेलं युद्ध पाचव्या-सहाव्या वर्षात आलेलं. साष्टी आणि ठाण्याचा किल्ला १७७४ च्या डिसेंबरअखेरीस गेले ते गेलेच. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना नाक घासायला लावलं. तिथे त्यांनी जिंकलेलं सगळं परत देण्याचा करार केला आणि मुंबईला पोचताच तो झिडकारला.

ऑगस्टच्या पावसात कॅप्टन ॲबिंग्टन मलंगगडावर अचानक चालून गेला. ज्यांनी श्रावणात हा गड चढला आहे त्यांना याची किंमत कळेल. खालची माची त्याने घेतली. पण शिबंदी वेळेत वर सरकली आणि बालेकिल्ल्याची वाट तिने रोखून धरली. मलंगगडाचा वरचा भाग हा उभा कातळ आहे. तिथे वर बसलेल्या पंचवीस माणसांना खालचे पाचशे हलवू शकत नाहीत.

मग डाव उलटला. नानांनी गडाच्या मदतीला फौज पाठवली. तिने ॲबिंग्टनचा कल्याणशी संबंध तोडला. वर मराठे, खाली मराठे, मधल्या माचीवर इंग्रज. वेढा घालायला आलेलाच वेढ्यात सापडला.

मलंगगडाजवळच्या बदलापूरचं नाव घोडे बदलण्यावरून पडलं असं जुनी माणसं सांगतात. खरं-खोटं देव जाणे. पण कोकणातून घाटावर जाणाऱ्या फौजांचा रस्ता उल्हास नदीच्या याच खोऱ्यातून जातो, एवढं नकाशा बघूनही कळतं. ज्याच्या हाती हे खोरं, त्याच्या हाती वसईचा मागचा दरवाजा, आणि इंग्रजांना पुढे घ्यायची होती ती मराठ्यांकडची वसईच.

ऑक्टोबरचा आरंभ : उरले सत्तर दिवस

पाऊस ओसरला आणि लेफ्टनंट कर्नल हार्टली ॲबिंग्टनच्या सुटकेला आला.

हा हार्टली साधा गडी नव्हता. वडगावच्या माघारीत सगळी इंग्रज फौज उधळली असताना पिछाडीची शिपाई पलटण ज्याने मोडू दिली नाही, तो हाच. तेव्हा कॅप्टन होता. मे महिन्यात कल्याण परत घ्यायला आलेल्या मराठी फौजेच्या छावणीवर त्याने रात्रीचा छापा घातला होता. म्हणजे आपलंच शस्त्र आपल्यावर. शत्रूचं कौतुक करायला आपली लेखणी अडखळते, पण या घटनाक्रमात दोन शूर माणसं आहेत आणि त्यांतला एक टोपीकर आहे.

हार्टलीने मलंगगडाभोवतालची मराठी फौज हटवली, ॲबिंग्टनला सोडवलं आणि तो तेवढ्यावर थांबला नाही. मागे लागून त्याने मराठ्यांना बोरघाटापर्यंत रेटत नेलं. तिथवरचं कोकण मोकळं झालं आणि घाटाच्या पायथ्याशी, वसई आणि पुणे यांच्यामध्ये, हार्टली बसून राहिला.

माझं मत विचाराल तर वसईचा निकाल इथे लागला. वसईच्या तटावर नाही, दुगाडलाही नाही. मलंगगडापासून बोरघाटापर्यंतच्या या पट्ट्यात, जिथून आज कर्जत लोकल धावते. जे सहा आठवडे हार्टलीने इथे मिळवले ते मराठ्यांना पुढे कधीच भरून काढता आले नाहीत.

१३ नोव्हेंबर : उरले २९ दिवस

जनरल गॉडर्ड वसईसमोर येऊन उभा राहिला. हा बंगालहून अख्खा हिंदुस्थान पायी ओलांडून सुरतेला आलेला सेनापती. फेब्रुवारीत त्याने अहमदाबाद घेतलं होतं. वसईचा कोट पाहून त्याने ओळखलं की हा एका हल्ल्यात पडणारा नाही. त्याने रीतसर मोर्चे बांधायला घेतले, एकामागून एक, पुढे सरकत.

वसई म्हणजे मराठ्यांच्या लेखी केवळ एक किल्ला नव्हता. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी हजारो माणसं खर्ची घालून तो पोर्तुगीजांकडून घेतला होता. त्या मोहिमेचा नवस म्हणून वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं. ते देऊळ दुगाडपासून काही मैलांवर आहे. हे लक्षात असू द्या.

२८ नोव्हेंबर : उरले १४ दिवस

वसईवर तोफा सुरू झाल्या. अंतर नऊशे यार्ड.

घाटावरून आता मराठी फौजा उतरू लागल्या होत्या. वसईचा वेढा उठवा, हा पुण्याचा हुकूम होता. ते काम रामचंद्रपंतांकडे होतं.

रामचंद्र गणेश हे नवखे नव्हते. १७६९ साली थोरल्या माधवरावांनी पानिपतानंतरचा उत्तरेतला वचक परत बसवायला ज्यांना पाठवलं, त्यांत विसाजी कृष्ण बिनीवाल्यांबरोबर हे होते. १७७० मध्ये गोवर्धनजवळ जाटांचा पराभव झाला तो यांच्याच मोहिमेत. पुढे विसाजीपंतांशी पटेना आणि यांना परत यावं लागलं. दिल्लीत शहा आलमला गादीवर बसवण्याचं श्रेय मग दुसऱ्यांना मिळालं. दहा वर्षांनी आता हे काम आलं होतं: डोंगर, खाचरं, करवंदीच्या जाळ्या, आणि समोर जागा धरून बसलेली कवायती पलटण. मोकळ्या माळावर घोडं घालणाऱ्या फौजेला याहून वाईट रण नाही.

हार्टली लढत लढत कल्याणच्या बाजूने मागे सरला. ती हार नव्हती. गॉडर्डच्या वेढ्याची पाठ राखायची, एवढंच त्याचं काम होतं, आणि त्यासाठी त्याने दुगाडची जागा निवडली. दोन्ही बगलांना एकेक टेकडी. आजाऱ्यांना वगळलं तर उभी राहू शकणारी त्याची माणसं दोन हजारांच्या आसपास.

१० डिसेंबर : उरले ४८ तास

रामचंद्रपंतांनी पहिला हल्ला केला. इंग्रजी लेखनात मराठी फौजेचा आकडा वीस हजारांच्या वर दिलेला आहे. जिंकणारा समोरच्यांचा आकडा नेहमी चढवूनच सांगतो, तेव्हा त्यातून काय वजा करायचं ते वाचकाने करावं. तरीही संख्येचं पारडं कुणीकडे होतं, यात वाद नाही.

समोरून घोडा, मागून घोडा. पुन्हा पुन्हा. पलटणीची फळी फुटली नाही.

आदल्या दिवशी, ९ तारखेला, वसईवर चोवीस पौंडी गोळ्यांच्या तोफांचा मोर्चा सुरू झाला होता. अंतर आता पाचशे यार्ड. तटाला खिंडार पडू लागलं.

११ डिसेंबर, दिवसा : उरले २४ तास

दुगाडला दुसरा हल्ला, या वेळी तोफांसह. हार्टलीची शंभर माणसं कामी आली किंवा जायबंदी झाली, त्यांत दोन गोरे अधिकारी मारले गेले. मराठ्यांचं नुकसान याहून पुष्कळ मोठं. फळी तशीच.

त्याच ११ डिसेंबरला वसई शरण गेली.

बोलणी आदल्या दिवसापासून चालू होती, ती अडली, पुन्हा तोफा सुरू झाल्या आणि किल्ला बिनशर्त खाली झाला. एक्केचाळीस वर्षांनी वसईच्या कोटावरून भगवा उतरला. ज्यासाठी रामचंद्रपंत दुगाडला दोन दिवस माणसं खर्च करत होते ते कारणच संपलं होतं. वसई ते दुगाड हा घोड्यावर एका दिवसाच्या आतला पल्ला आहे. पण बातमी पोचायला मध्ये डोंगर, आणि मध्ये शत्रू.

११ डिसेंबर, सूर्यास्त : उरले १३ तास

डिसेंबरात आपल्याकडे सहा वाजता सूर्य मावळतो. दोन दिवसांचे हल्ले वाया गेले. रामचंद्रपंतांनी त्या संध्याकाळी बेत बदलला, आणि बेत चांगला होता.

समोरची फळी फुटत नाही, तर फळीच्या बगलेची टेकडी घ्यायची. टेकडी हाती आली की इंग्रजांची छावणी उघडी पडते. तोफ वर चढवा आणि खालचं सगळं भाजून काढा. समोरून आणि मागून इतर सरदारांनी हल्ल्याचा जोर दाखवायचा. शत्रूचं लक्ष तिकडे अडकलं की निवडक पायदळ वळसा घालून टेकडीवर चढायचं. त्यासाठी अरब घेतले आणि नरोन्हा नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या हाताखालचं सुमारे हजार कवायती पायदळ घेतलं. चिमाजी अप्पांनी ज्यांच्याकडून वसई घेतली त्या पोर्तुगीजांपैकी एक जण आता मराठ्यांच्या वसईसाठी टेकडी चढणार होता.

आणि या तुकडीबरोबर कोण जाणार? सेनापती स्वतः.

या ठिकाणी मी प्रत्येक वेळी थांबतो. वीस नाही तर दहा हजारांचा धनी माणूस. उत्तरेत मोहिमा केलेला. अशा माणसाची जागा मागे, निशाणापाशी असते. तिथे बसून हुकूम दिले तर कुणी नावं ठेवत नाही. त्यांनी सगळ्यांत अवघड बाजू आपल्याकडे घेतली. दोन दिवस आपल्या हुकुमावर माणसं मेलेली पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी आपण पुढे व्हायचं, हे शौर्याच्या कुठल्याही पोवाड्याइतकंच मोठं आहे. फक्त पोवाडे रचणाऱ्यांना त्यात रंग भरायला जागा कमी सापडते.

मध्यरात्र : उरले सात तास

पंचांगाच्या हिशेबाने ते दिवस मार्गशीर्ष पौर्णिमेचे, दत्तजयंतीचे. चंद्र जवळपास पूर्ण होता.

तिकडे हार्टलीही टेकड्यांकडेच बघत होता. दोन दिवस समोरून आपटलेला शहाणा सेनापती तिसऱ्या दिवशी काय करील, हे त्याने ओळखलं. रात्रीतून त्याने दोन्ही टेकड्यांवर छातीभर आडोसा उभारून घेतला आणि प्रत्येक टेकडीवर एकेक तोफ चढवली.

एक बेत, दोन डोकी. मराठ्यांच्या छावणीत टेकडी घेण्याची तयारी चालू आहे आणि त्याच वेळी ती टेकडी बदलते आहे.

हरलेल्या लढाईबद्दल आपण लगेच ‘दैव फिरलं’ म्हणतो. दुगाडच्या बाबतीत तर ते म्हणणं फारच सोपं, कारण पुढे धुकं आहे. पण धुक्याच्या आधी ही रात्र आहे. धुकं कसंही वागलं असतं तरी टेकडीवर ती तोफ असणारच होती.

पहाटे साडेपाच : उरला दीड तास

निरभ्र आकाश, थंडी, वारा पडलेला, शेजारी नदी-नाल्यांची ओल: धुक्याला एवढंच लागतं. बदलापूर-वांगणीच्या बाजूला डिसेंबरात सकाळची लोकल दिवे लावून, भोंगा देत येते ती यामुळेच. रुळांपलीकडचं झाडही दिसत नाही.

दुगाडला त्या पहाटे दाट धुकं होतं. आणि धुकं मराठ्यांच्या बाजूचं होतं. हजारभर माणसं उघड्या उतारावरून वर न्यायची तर याहून चांगला पडदा मिळणार नव्हता.

१२ डिसेंबर, उजाडताना

ठरल्याप्रमाणे समोरून आणि मागून हल्ला सुरू झाला. आवाज तिकडे, धूर तिकडे. रामचंद्रपंत आणि नरोन्हा आपली माणसं घेऊन वळसा घालून टेकडीकडे सरकले. धुक्यात माणूस शेजारच्याच्या श्वासावर चालतो. ते चढले, चांगले वरपर्यंत चढले. इंग्रजांच्या पहाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर आले तरी कुणाला त्यांची चाहूल नव्हती.

मग धुकं फाटलं.

हळूहळू विरलं नाही, एकदम उठलं. सूर्य वर आला की असं होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. एका क्षणी काही नसतं आणि दुसऱ्या क्षणी डोंगर, झाडं, खांब, सगळं जागच्या जागी. सातारच्या दरबारात इंग्रजांचा वकील राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात या लढाईचं वर्णन आहे. तोही या जागी जरा थबकलेला दिसतो. दोन्ही बाजू एकमेकींसमोर उघड्या पडल्या. चढणाऱ्यांना काल नव्हता तो आडोसा आणि त्यामागचं तोफेचं तोंड दिसलं. आडोशामागच्यांना हाकेच्या अंतरावर उभी फौज दिसली.

परत फिरायला जागा होती. उतार मागेच होता. रामचंद्रपंत पुढे गेले.

तोफेतून छर्रे सुटले. एवढ्या जवळून छर्र्यांना नेम लागत नाही. समोर जे असेल ते आडवं होतं. रामचंद्र गणेश तिथेच पडले. नरोन्हा जखमी झाला. सेनापती पडल्याची बातमी खाली पोचली आणि जे मराठ्यांच्या फौजांत नेहमी होत आलं तेच झालं: हल्ला मोडला, फौज मागे फिरली. पानिपतावर विश्वासराव पडल्यावर असंच झालं होतं. ज्याच्या नावावर माणसं लढतात तो गेला की लढाई कुणाची, हा प्रश्न आपल्या फौजांना फार लवकर पडायचा. रामचंद्रपंतांनी पुढे होण्यात जितकं शौर्य होतं तितकीच जोखीम होती, हेही मग कबूल केलं पाहिजे. ते मागे राहिले असते तर टेकडी मिळाली नसतीच, पण फौज कदाचित टिकली असती. मला हा हिशेब पटतो, आणि तरी त्यांना बोल लावायला जीभ उचलत नाही.

नंतर

गॉडर्डने जानेवारी १७८१ मध्ये अर्नाळा घेतला. दोन लागोपाठच्या जयांनी त्याला वाटलं, आता पुणं. फेब्रुवारीत तो बोरघाट चढला आणि वर अडकला. परशुरामभाऊ, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकरांनी त्याची रसद तोडली. एप्रिलमध्ये पनवेलपर्यंत माघार घेताना त्याचे साडेचारशेच्या वर मेले आणि जखमी झाले. दुगाडला जी चूक झाली ती इथे कुणी केली नाही. कवायती फळीवर कुणी डोकं आपटलं नाही. तिला चालू दिलं आणि वाटेत कापलं.

१७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला. त्यात वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी इंग्रजांनी ठेवून घेतली. मलंगगडाजवळून इंग्रज गेले ते गडावरच्या मलंगबाबांच्या कृपेने, अशी पेशव्यांकडच्यांची भावना झाली, आणि काशिनाथपंत केतकर या कल्याणच्या ब्राह्मणाबरोबर मलंगबाबांना भरजरी चादर पाठवली गेली.

दुगाड भिवंडी-वाडा रस्त्याच्या बाजूला आजही आहे. भिवंडीची गोदामं मागे पडली की टेकड्या दिसू लागतात, आणि तिथून पुढे वज्रेश्वरी फार लांब नाही. दर्शनाला आपण जातोच. एकदा १२ डिसेंबरला जा. पहाटे साडेपाचला दुगाडच्या माळावर पोचा, आणि धुकं उठेपर्यंत परतू नका.